दोन पाइपांमधला दाबाचा फरक: गेज एक सांगतात, पाऱ्याचा मॅनोमीटर दुसरंच. खरं कुणाचं?

महापे_दुसरी_पाळी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या प्लांटरूममध्ये मी दुपारच्या पाळीला असते. आत्ताच घरी आले आहे आणि डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे चिल्ड वॉटरचे, म्हणजे एसीसाठी गार केलेल्या पाण्याचे, दोन हेडर (जाड मुख्य पाइप) आहेत. सप्लायचा (जाणाऱ्या पाण्याचा) हेडर खाली आहे, जमिनीपासून साधारण ८० सेंमीवर. रिटर्नचा (परतणाऱ्या पाण्याचा) वर, ३ मीटर ३० सेंमीवर. दोन्हींचा व्यास सारखाच. प्रत्येक हेडरवर गेज आहे. सप्लायला ३.२ केजी (म्हणजे दर चौरस सेंमीला ३.२ किलो), रिटर्नला २.४ केजी. फरक ०.८ केजी, म्हणजे पाण्याचे ८ मीटर (१ केजी म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब).

याच दोन हेडरना जोडलेला एक जुना पाऱ्याचा यू-ट्यूब मॅनोमीटर (यू आकाराच्या काचनळीत पारा भरलेला दाबमापक) भिंतीवर आहे. त्याच्या दोन नळ्यांमधल्या पाऱ्याच्या उंचीत ४४ सेंमी फरक दिसतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून ४४ गुणिले १३.६ केलं की पाण्याचे ५९८ सेंमी. म्हणजे ६ मीटरसुद्धा नाही.

ज्यांच्याकडे देखभालीचा ठेका आहे ते म्हणतात, डिझाइनमध्ये हा फरक ५ मीटर होता, आता ८ झालाय, कॉइल (हवा गार करणाऱ्या, आतून हे पाणी फिरतं त्या नळ्या) चोक झाल्यात. केमिकल क्लीनिंग करा आणि त्यानेही भागलं नाही तर पंप मोठा घ्या. कोटेशन येऊन टेबलावर पडलंय. साहेबांनी मला विचारलं, "मॅनोमीटर बिघडलाय का?" मला उत्तर देता आलं नाही. डिप्लोमाला हा धडा मन लावून शिकले होते, गणितं सोडवली होती. तरी प्रत्यक्ष नळीसमोर उभी राहिले आणि काही सुचेना, याचं फार वाईट वाटलं. कुणी नीट समजावून सांगेल का?

वागळेचा_फिटर | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, पहिलं म्हणजे मॅनोमीटरला बिघडायला त्यात काही नसतं. काच, पारा, पाणी. स्प्रिंग नाही, दात्यांचं चाक नाही. गेजमध्ये वाकवलेली चपटी नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. ती नळी थकते, काटा सरकतो. बूर्दोंने १८४९ साली पेटंट घेतलं तेव्हापासून त्या गेजची रचना तीच आहे आणि दुखणीही तीच. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं पाइपलाइनचं काम केलं. गेज आणि मॅनोमीटर भांडले की मी आधी गेजकडे संशयाने बघतो. पण तुमच्या बाबतीत मला दोघंही खरं बोलत असावेत असं वाटतंय.

मला एक आकडा हवाय. पंप बंद असताना मॅनोमीटर किती दाखवतो? पाळी बदलताना पंप पाच मिनिटं थांबवता येत असेल तर बघून ठेवा. हा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांवर बोलण्यात अर्थ नाही.

द्रवयंत्रणा | मंगळवार, सकाळी ८:०५

मी ठाण्यात तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवतो. फिटरकाकांनी मागितलेला आकडा येईपर्यंत एक चूक दुरुस्त करून ठेवू या.

तुम्ही १३.६ ने गुणलंत. तो गुणक कधी वापरायचा? पाऱ्यावर हवा असते तेव्हा. वायूच्या पाइपला लावलेल्या मॅनोमीटरला १३.६ चालतो. तुमच्या नळ्यांत पाऱ्यावर पाणी आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आहे. एका बाजूला पारा ४४ सेंमी वर चढला, त्याच ४४ सेंमीत दुसऱ्या बाजूला पाणी उभं आहे. ते पाणीही वजन टाकतंच. म्हणून पाऱ्याच्या वजनातून तेवढ्याच उंचीच्या पाण्याचं वजन वजा करायचं. १३.६ वजा १, म्हणजे १२.६.

४४ गुणिले १२.६ म्हणजे ५५४ सेंमी. साडेपाच मीटर. परीक्षेत निम्मा वर्ग इथेच चुकतो, आणि त्याचं कारण आम्ही शिक्षकच आहोत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. १३.६ पाठ करून घेतो, तो कुठून आला ते नळीसमोर उभं करून दाखवत नाही.

महापे_दुसरी_पाळी | मंगळवार, दुपारी १:२०

सर, मनापासून धन्यवाद. वजाबाकी पटली. पण आता कोडं अजून मोठं झालं ना? आधी ८ आणि ६ होते, आता ८ आणि साडेपाच. अडीच मीटर पाणी गेलं कुठे?

नेरूळ_पूर्व | मंगळवार, दुपारी १:३२

३.३० वजा ०.८०?

द्रवयंत्रणा | मंगळवार, दुपारी २:१०

बरोब्बर. नेरूळकरांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गंमत याच ठिकाणी आहे.

सूत्र बाजूला ठेवा. नळीतून चालत जा. सप्लाय हेडरपाशी उभ्या राहा, तिथे दाब ३२ मीटर. नळीतून खाली उतरायला लागा. उतरताना दाब वाढतो, जितके मीटर उतराल तितका. समजा पाऱ्याच्या खालच्या पातळीपर्यंत 'क' मीटर उतरलात. दाब झाला ३२ अधिक क. आता पाऱ्यातून पलीकडे जा. एकाच सलग द्रवात एका पातळीवर दाब सारखा असतो, तेव्हा पलीकडेही तोच. तिथून पाऱ्यातून ०.४४ मीटर वर चढा. चढताना दाब घटतो, पाऱ्यात १३.६ पटीने, म्हणजे ५.९८ मीटर गेले. आता वर पाणी आहे, रिटर्न हेडरपर्यंत चढायचंय. किती? सप्लायपेक्षा रिटर्न २.५ मीटर उंच, आणि ०.४४ आपण आधीच चढलोय, म्हणून क अधिक २.५ वजा ०.४४. तेवढे वजा करा.

३२ + क − ५.९८ − क − २.५ + ०.४४. 'क' गेला. उरले २३.९६ मीटर. तुमच्या रिटर्न गेजवर २.४ केजी, म्हणजे २४ मीटर.

पाहिलंत? दोघांचंही खरं आहे. गेज आपापल्या जागचा दाब सांगतात. मॅनोमीटर दाब अधिक उंची या बेरजेतला फरक सांगतो. त्या बेरजेला पुस्तकात पिझोमेट्रिक हेड म्हणतात. आणि 'क' जातो याचा अर्थ मॅनोमीटर भिंतीवर कुठे टांगलाय याने काहीही फरक पडत नाही.

औषधनिर्माण_तुर्भे | मंगळवार, दुपारी ४:४५

सर, तुमचा आदर ठेवून असहमत. विषयाचं नावच 'दोन पाइपांमधला दाबाचा फरक' आहे. फरक ०.८ केजी आहे हे दोन्ही गेज सांगतायत. मॅनोमीटर ०.५५ दाखवतो. मग मॅनोमीटर अपुरं सांगतो असंच म्हणायला हवं ना? मी क्लीनरूममध्ये (धूळ आत येऊ नये म्हणून हवेचा दाब राखलेल्या खोल्यांत) काम करतो. शेजारच्या दोन खोल्यांत १५ पास्कल फरक म्हणजे १५ पास्कल, त्यात उंची वगैरे आणत नाही.

द्रवयंत्रणा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

रास्त प्रश्न. तुमच्या खोल्यांत हवा आहे, म्हणून उंची आणावी लागत नाही. अडीच मीटर हवेचं वजन पाण्याच्या ३ मिमीएवढं. शिवाय तुमच्या नळ्यांतही हवाच असते आणि खोल्या एकाच मजल्यावर.

आता पाण्याकडे या. महाप्यातला पंप बंद आहे असं धरा. सगळं पाणी निश्चल. तरीही खालचं गेज वरच्यापेक्षा पाव केजी जास्त दाखवणार, कारण त्याच्या डोक्यावर अडीच मीटर पाणी जास्त आहे. या पाव केजीमुळे पाणी कुठे वाहतं का? नाही. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी दाब जास्त असतो म्हणून तळातलं पाणी उसळून वर येत नाही. पाणी दाब बघून वाहत नाही, दाब आणि उंचीची बेरीज बघून वाहतं. कॉइल, बेंड, व्हॉल्व्ह यांत घासून जे खर्च होतं ते या बेरजेतून खर्च होतं. हेडरचा व्यास सारखाच असल्याने वेगाचा भाग दोन्हीकडे समान, तो कटतो.

तेव्हा पाइप फुटेल का, गॅस्केट टिकेल का, असा प्रश्न असेल तर गेजचा आकडा घ्या. कॉइल चोक झाल्यात का, पंपाला किती ओढावं लागतंय, असा प्रश्न असेल तर मॅनोमीटरचा घ्या. ठेकेदाराने दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. डिझाइनचे ५ मीटर हे घर्षणाचे मीटर आहेत. त्यांच्याशी ८ ची तुलना होऊ शकत नाही.

औषधनिर्माण_तुर्भे | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

पटलं. टाकीच्या उदाहरणाने लख्ख झालं. मागचा प्रतिसाद मागे घेतो.

आमच्याकडचं थोडं सांगतो, कदाचित कुणाला उपयोग होईल. १५ पास्कल म्हणजे पाण्याची फक्त दीड मिमी उंची. उभ्या नळीत ती डोळ्याला वाचता येत नाही. म्हणून नळी तिरकी करतात. १० सेंमी आडवं सरकल्यावर १ सेंमी चढेल अशी तिरकी ठेवली की दीड मिमीची १५ मिमी होते, जवळपास. उंची तीच, वाचायची लांबी दहापट. पण नळीचा पाया स्पिरिट लेव्हलने नीट सम करून घ्यावा लागतो, नाहीतर तिरपेपणाच बदलतो आणि सगळे आकडे चुकतात.

वागळेचा_फिटर | मंगळवार, रात्री ९:००

सरांनी कागदावरचं काम पूर्ण केलं. आता हाताचं. ताई, पंप बंद करून बघायला जाल तेव्हा मॅनोमीटरच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी हे वाचा.

दोन नळ्यांना एकेक व्हॉल्व्ह असतो आणि दोघांना जोडणारा मधला, इक्वलायझिंग, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा करणारा. चालू करताना आधी मधला उघडायचा. मग सप्लायचा, मग रिटर्नचा, सगळे हळूहळू. शेवटी मधला बंद. बंद करताना आधी मधला उघडायचा, मग बाकीचे मिटायचे.

मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका कारखान्यात एका बाजूचा व्हॉल्व्ह खटकन उघडला, दुसरा बंद, दुसऱ्या बाजूचं ब्लीड (हवा सोडायची तोटी) उघडं. लाइनला अडीच केजी होतं. अडीच केजीला पारा जवळजवळ दोन मीटर चढतो, आणि नळी होती एक मीटरची. पारा उडाला, अर्धा पाइपात गेला, अर्धा फरशीवर. त्या वेळी कुणी काही सांगितलं नाही, आम्ही झाडूने गोळा केला. तो प्रसंग आठवला की आजही जीव कळवळतो, कारण माझ्यासोबत एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा हाताने पारा वेचत होता.

झाडू लावला की थेंबांचे बारीक थेंब होतात आणि वाफ जास्त सुटते. व्हॅक्यूम क्लीनर तर कधीच नाही. खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची, हातमोजे घालून जाड कार्डाने थेंब एकत्र करायचे, ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायचे. बांगडी, अंगठी, मंगळसूत्र आधीच काढून ठेवायचं, पारा सोन्यात शिरतो. तसाच पितळेतही शिरतो, म्हणून मॅनोमीटरला पितळी निपल (नळी जोडायचा तुकडा) लावलेलं दिसलं तर लगेच कळवा.

महापे_दुसरी_पाळी | बुधवार, रात्री ११:५५

काका, तुमचा प्रतिसाद छापून प्लांटरूमच्या दारावर लावला. निपल सगळे स्टीलचे आहेत, बघितले.

आज साहेबांची परवानगी घेऊन पंप थांबवला. खालचं गेज २.७, वरचं २.४. गेजवर ०.१ पेक्षा बारीक खुणा नाहीत, तेव्हा पाव केजीचा फरक जुळला असं समजते. पण मॅनोमीटर शून्यावर आला नाही. दहा मिनिटं थांबले. ३ सेंमी राहिलाच. रिटर्नच्या बाजूचा पारा वर.

सरांच्या हिशोबाने शून्य यायला हवं होतं ना?

वागळेचा_फिटर | गुरुवार, सकाळी ६:०५

म्हणूनच तो आकडा मागत होतो. रिटर्नच्या नळीत हवा आहे.

गवंड्याची लेव्हल पाइप पाहिली असेल तुम्ही. पारदर्शक नळीत पाणी भरून एका भिंतीची खूण दुसऱ्या भिंतीवर नेतात. चांगला गवंडी आधी नळी हलवून, टिचक्या मारून बुडबुडे काढतो. एक बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि लादी उताराला जाते. तुमचा मॅनोमीटर म्हणजे तीच नळी, फक्त पोटात पारा.

३ सेंमी गुणिले १२.६ म्हणजे साधारण ३८ सेंमी. रिटर्नकडून येणाऱ्या उभ्या नळीत कुठेतरी ३८ सेंमी उंचीएवढी पाण्याची जागा हवेने घेतलीय. तेवढं वजन त्या बाजूच्या पाऱ्यावर कमी पडतंय, म्हणून तो वर आलाय. नळी रिटर्न हेडरपासून मॅनोमीटरपर्यंत सरळ उतरते, का मध्ये कुठे वर चढून मग खाली येते?

महापे_दुसरी_पाळी | गुरुवार, सकाळी १०:३०

चढते! मध्ये केबल ट्रे आहे, नळी त्याच्यावरून कमान करून नेली आहे. कमान ट्रेच्या वर चांगली हातभर आहे. मी रोज तिच्याखालून जाते.

द्रवयंत्रणा | गुरुवार, सकाळी ११:१५

हवा त्या कमानीतच बसली आहे. हवेला वजन नसतं असं नाही. पास्कलच्या मेव्हण्याने १६४८ मध्ये पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन तेच दाखवलं. आपल्या येऊरच्या डोंगरात १०० मीटर चढलात तरी वायुभारमापकातला पारा ८-९ मिमी उतरेल. पण ३८ सेंमी हवेचं वजन पाण्याच्या तुलनेत शून्यच धरायचं.

तुमच्या पाळीत एवढं नेटकं निरीक्षण होतंय याचा फार आनंद वाटला. हा धागा मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

घोडबंदर_बी_विंग | गुरुवार, दुपारी १२:४०

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्यासोबत गाळ येतो, बूस्टर पंपाच्या आधीचा स्ट्रेनर (जाळीची गाळणी) वारंवार तुंबतो. स्ट्रेनरच्या आधी आणि नंतर अशी दोन गेज लावली आहेत. स्ट्रेनर धुतल्यावरही ०.२ केजी फरक दिसतो. त्यासाठी मॅनोमीटर लावावा का?

वागळेचा_फिटर | गुरुवार, दुपारी १:००

नको, सोसायटीत पारा आणूच नका, लहान मुलं असतात. एकच गेज ठेवा. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंनी बारीक नळी त्याच गेजपाशी आणा, प्रत्येकीला व्हॉल्व्ह. एकदा हा उघडून वाचा, मग तो बंद करून दुसरा. गेज ०.१ चुकीचं असलं तरी दोन्ही वेळा तेवढंच चुकणार, वजाबाकीत निघून जातं. उंचीचा घोळही राहत नाही, कारण गेज एकाच जागी आहे. धुतलेल्या स्ट्रेनरचा फरक तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा आणि तो दुप्पट झाला की धुवा.

घोडबंदर_बी_विंग | गुरुवार, दुपारी १:०८

काका, हे आमच्या प्लंबरने चार वर्षांत सुचवलं नाही. आजच सांगतो.

नेरूळ_पूर्व | गुरुवार, दुपारी ३:२५

पारा इतका धोक्याचा, तर महाप्यातल्या मॅनोमीटरमध्ये दुसरा द्रव का भरत नाहीत? पाऱ्याचा वापर आवरायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या मॅनोमीटरचंही नाव आहे, २०२० नंतर नवे बनवायचे नाहीत असं ठरलंय. भारतानेही २०१८ मध्ये त्यावर मोहोर उमटवली.

द्रवयंत्रणा | गुरुवार, संध्याकाळी ५:५०

जागेचा प्रश्न येतो. फरक सव्वापाच मीटरच्या आसपास निघणार असं धरू. ब्रोमोफॉर्म हा द्रव पाण्याच्या २.८९ पट जड. त्यातून १ वजा केला की १.८९, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त फरक वाचावा लागेल. वर हवा ठेवून उलटी यू-ट्यूब लावली तर नळी पाच मीटरच्या वर. प्लांटरूमचं छत तेवढं नसतं. हलके द्रव लहान फरकांसाठी उत्तम, इथे नाहीत.

इथे डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटर (दाबातला फरक मोजून आकडा दाखवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावावा. पण तो लावला म्हणून आपले दोन्ही धडे सुटत नाहीत. त्याच्याही दोन्ही नळ्यांत पाणीच भरलेलं असतं, तेव्हा तोही दाब आणि उंचीच्या बेरजेतलाच फरक दाखवतो. आणि कमानीत हवा बसली तर तोही तेवढंच चुकतो, फक्त आकडा दशांश चिन्हासह दिसतो म्हणून कुणी शंका घेत नाही.

महापे_दुसरी_पाळी | शुक्रवार, रात्री ११:३५

झालं एकदाचं.

आज काकांनी सांगितलेल्या क्रमाने मॅनोमीटर आधी बंद केला. पंप बंद, मॅनोमीटरखाली स्टीलचा कढईसारखा ट्रे ठेवला, दागिने घरीच ठेवून गेले होते. आमच्या फिटरने कमानीच्या माथ्यावरचा जोड ढिला केला. आधी फुसफुस, मग पाणी आणि हवा मिसळून, मग अखंड पाणी. जोड आवळला, मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवून दोन्ही बाजू उघडल्या, मधला मिटला. पारा हलला आणि दोन्हीकडे एका रेषेत आला. डोळा रेषेच्या समोर धरून, पाऱ्याच्या फुगीर माथ्याला वाचलं. शून्य.

पंप चालू केला. ४१ सेंमी. गुणिले १२.६ म्हणजे ५१७. डिझाइनमध्ये ५ मीटर, आपल्याकडे ५ मीटर १७ सेंमी. त्यात २.५ मिळवले तर ७.६७, म्हणजे ०.७७ केजी. गेज ०.८ म्हणत होते, त्यांच्या खुणा बघता त्यांचंही चुकलं नव्हतं.

पानभर टिपण लिहून साहेबांना दिलं, सरांनी सांगितलेली चालत जायची आकडेमोड जशीच्या तशी मांडून. त्यांनी दोनदा वाचलं आणि क्लीनिंगचं कोटेशन थांबवलं. नोंदवहीत आता 'पंप बंद असताना मॅनोमीटर' असा नवा रकाना आखलाय, दर सोमवारी भरायचा.

ट्रान्समीटरही मंजूर झालाय, पारा परवानाधारक माणसांकडे जाणार. नव्या नळ्या केबल ट्रेच्या खालून, सतत उतार ठेवून नेणार आहोत. एकच विचारायचं राहिलं. हेडरवर नवं टॅपिंग (नळी जोडायचं भोक) पाइपच्या माथ्यावरून घ्यायचं का खालून?

वागळेचा_फिटर | शनिवार, सकाळी ६:१०

बाजूने, ताई. माथ्यावरून घेतलंत तर हवा येते, तळातून घेतलंत तर गाळ.